हरणाऱ्या संघाला तारतो कोण? लिलावातला स्टार की घडवलेला पोरगा

भाताची झोडणी उरकली की आपल्याकडे शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांत कबड्डीचे दिवस सुरू होतात. शाळेमागच्या मैदानावर चुन्याच्या रेषा पडतात, चार खांबांवर हॅलोजन लागतात, माईकवाला ओरडून ओरडून घसा बसवून घेतो आणि थंडीत घोंगडी पांघरून म्हातारी माणसंसुद्धा उपांत्य सामन्यापर्यंत जागी राहतात. या स्पर्धांमध्ये गेली काही वर्षं एक गोष्ट नेमानं दिसते. गावाच्या नावाची जर्सी घातलेल्या सातांपैकी दोन-तीन जण गावचे नसतात. कुणी मुंबईहून आणलेला चढाईपटू, कुणी रायगडातून बोलावलेला कोपरारक्षक. सामन्यामागे ठरलेलं मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण. गावची पोरं बाकावर बसून टाळ्या वाजवतात.

एका मंडळाचं सांगतो, नाव घेत नाही. सलग तीन वर्षं त्यांनी बाहेरचा एकच जबरदस्त चढाईपटू आणला. पहिल्या वर्षी चषक मिळाला, दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद. तिसऱ्या वर्षी स्पर्धेआधी आठ दिवस त्याचा फोन आला, ‘दादा, दुसरीकडून जास्त मिळतायत.’ संपला विषय. मधल्या तीन वर्षांत सतरा-अठरा वर्षांची जी पाच-सहा पोरं बाकावर होती, त्यातली दोन भिवंडीच्या गोदामात कामाला लागली, एक रिक्षा चालवतो, बाकीच्यांनी क्रिकेट धरलं. आज त्या मंडळाला सात जण उभे करायला मारामार आहे.

ही गोष्ट एका मंडळापुरती असती तर लिहायचं कारण नव्हतं. पण टीव्हीवर दिसणाऱ्या, कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या प्रो कबड्डीच्या संघांचंही नेमकं हेच झालंय. आणि त्यातून वर कोण आलं, कोण तळालाच राहिलं, हे आकड्यांत मांडता येतं. म्हणून आधी तिकडे बघू, मग परत आपल्या जिल्ह्यात येऊ.

पाच कोटींचं गणित

प्रो कबड्डीत दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटी रुपयांची मर्यादा आहे. मालक कितीही श्रीमंत असो, त्यापुढे जाता येत नाही. या पैशांत किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे.

आता बघा. दहाव्या हंगामाच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तोवरची लीगमधली ती सगळ्यात मोठी बोली होती. म्हणजे एकाच माणसावर निम्म्याहून जास्त पैसा गेला. उरलेल्या सुमारे २ कोटी ४० लाखांत किमान १७ जण घ्यायचे, तर डोक्यामागे सरासरी १४ लाखांच्या आसपास येतात. लिलावात ‘अ’ गटाच्या खेळाडूची मूळ किंमतच ३० लाख, ‘ब’ गटाची २० लाख. मग पवनच्या आजूबाजूला कोण उभं राहणार?

पवन वाईट खेळला असं कुणी म्हणू नये. तो देशातल्या अव्वल चढाईपटूंपैकी एक आहे, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. पण कबड्डीत एकटा माणूस चढाईला जातो आणि बाद झाला की बाकावर बसतो. त्याला परत आत आणायला कुणीतरी पकड करावी लागते, नाहीतर दुसऱ्यानं गुण आणावा लागतो. बचावच ढिला असेल तर सगळ्यात महागडा खेळाडू अर्धा सामना रेषेबाहेर बसून बघतो. टायटन्सनं त्या हंगामात २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि १२ संघांत बाराव्या क्रमांकावर राहिले. त्याच्या आधीच्या दोन हंगामांतही ते तळालाच होते.

याच पवनची एक वर्ष आधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजनं त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. सगळ्यांनी थलायवाजला मोडीत काढलं. तोवर हा संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नव्हता. पण त्यांच्याकडे नरेंदर कंडोला नावाचा एक नवा पोरगा होता. पवन नसल्यामुळे चढाया त्याच्या वाट्याला आल्या आणि पदार्पणाच्याच हंगामात त्यानं चढाईचे २४३ गुण मिळवले. बचावात सागर राठी, साहिल गुलिया ही तरुण पोरं एकमेकांना सांभाळून खेळत होती. संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला आणि तिथं अवघ्या दोन गुणांनी, ३७-३९ असा हरला. कुणाकडून? पुणेरी पलटणकडून. आणि खरी गोष्ट त्यांचीच आहे.

पलटणचा उलटा प्रवास

पहिल्या दोन हंगामांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, आठ संघांत पुणे आठवं होतं. तेव्हा यू मुंबा अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली फायनल खेळत होती, २०१५ मध्ये विजेतीही झाली. पुण्याच्या संघाची चेष्टा व्हायची. पुढं पुण्यानं नावाजलेले खेळाडू आणले, बाद फेरीपर्यंत मजलही मारली, पण चषक काही येईना. आपल्या कल्याणचा गिरीश इरनाक याच काळात पुण्याच्या बचावाचा कणा होता. सहाव्या हंगामात तो कर्णधारही होता. कल्याणात आजही कबड्डीचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचंच येतं.

मग पुण्यानं युवा पलटण नावाची स्वतःची ज्युनियर फळी बांधायला घेतली. गावोगावच्या स्पर्धा, कुमार गटाच्या चाचण्या बघायच्या, पोरं उचलायची, एकत्र ठेवायची, खाऊपिऊ घालायचं, रोज मॅटवर घ्यायचं. त्यांना लगेच मुख्य संघात टाकायची घाई नाही. पहिली दोन-तीन वर्षं यातून बाहेरच्या माणसाला काही दिसत नाही. नुसता खर्च दिसतो. मालक वैतागतो तो इथंच.

फळ दिसलं ते आठव्या हंगामात, आणि तेही नाइलाजानं. २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरूमध्ये बंदिस्त वातावरणात तो हंगाम सुरू झाला. पुण्याकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावं होती. सुरुवातीचे सामने पडले, मोठी नावं चालेनात. प्रशिक्षक होता अनुप कुमार. त्यानं अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन पोरांना पुढं केलं. पंकज मोहिते आधीपासून होताच. संघ धडपडत का होईना बाद फेरीत गेला. तिथं यूपी योद्धाकडून हरला, पण तोपर्यंत व्यवस्थापनाला कळलं होतं की आपल्याकडे काय आहे.

अस्लम श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. वडील लहानपणीच गेले, आईनं मोलमजुरी करून घर चालवलं. अशी पोरं आपल्या तालुक्यांतही पाच-पंचवीस सापडतील. फरक इतकाच की त्याला कुणीतरी वेळेवर पाहिलं आणि पाहिल्यावर तीन सामन्यांत सोडून दिलं नाही.

नवव्या हंगामात प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश आले. पुणे फायनलला गेलं आणि वरळीत जयपूरकडून २९-३३ असं हरलं. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार झाला. २२ पैकी १७ सामने जिंकले, फक्त २ हरले, ९६ गुणांसह साखळीत पहिला क्रमांक. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्यानं पहिल्यांदा चषक उचलला. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता आणि पलटणचाच, नाशिकचा आकाश शिंदेही होता.

आता एक गोष्ट लपवायची नाही. त्याच हंगामात पुण्यानं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजले होते आणि त्यानं पकडीचे ९९ गुण घेऊन ते वसूलही केले. म्हणजे ‘नुसत्या गावच्या पोरांनी जिंकलं’ असं म्हणणं भाबडेपणाचं. पण मग टायटन्सनं २ कोटी ६० लाख घालून तळ का गाठला आणि पुण्यानं जवळपास तेवढेच घालून चषक कसा उचलला? कारण पुण्याचे बाकीचे सहा तयार होते. अस्लम, मोहित, पंकज, आकाश, गौरव खत्री, अभिनेश नादराजन, संकेत सावंत ही पोरं स्वस्तात, आधीच्या करारावर, हाताशी होती. त्यामुळे एका महागड्या माणसाला जागा निघाली. महागडा खेळाडू हा वरचा मजला आहे. खाली जोतं असेल तरच तो उभा राहतो.

पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकली. पुणे बाद फेरीतसुद्धा गेलं नाही, अस्लमच्या दुखापतीनं कंबरडं मोडलं. पण २०२५ मध्ये, अजय ठाकूरच्या हाताखाली, तेच पुणे पुन्हा फायनलला होतं, दिल्लीकडून तीन गुणांनी हरलं. एका वर्षात परत उठता येतं ते खाली पोरं असतात म्हणून. टायटन्सला सावरायला तीन हंगाम तळाला काढावे लागले. अकराव्या हंगामात प्रशिक्षक कृष्णकुमार हुडांनी आधी बचाव बसवला, कमी किमतीच्या खेळाडूंवर भरवसा टाकला, तेव्हा कुठे त्यांची बाद फेरी जेमतेम हुकण्याइतकी प्रगती झाली.

ड्राफ्ट म्हणजे काय, आणि तो पुरेसा का नाही

लिलावापेक्षा वेगळी एक पद्धत अमेरिका-कॅनडातल्या लीगमध्ये आहे, तिला ड्राफ्ट म्हणतात. दरवर्षी नव्या, तरुण खेळाडूंची यादी निघते आणि संघ पाळीपाळीनं एकेक निवडतात. जो तळाला राहिला त्याची पाळी आधी. विचार साधा आहे, दुबळ्याला पहिला घास. तिथल्या बर्फावरच्या हॉकीत ही पद्धत १९६३ पासून आहे. पुढं काही संघ मुद्दाम हरतात की काय अशी शंका यायला लागली, म्हणून १९९५ पासून पहिल्या पाळीसाठी चिठ्ठ्या काढायला लागले. माणूस सगळीकडे सारखाच.

कुणाला वाटेल, मग झालं, हरत राहा, पहिला पोरगा उचला आणि जिंका. तर कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्सची गत बघा. २०१०, २०११ आणि २०१२, सलग तीन वर्षं त्यांना पहिली निवड मिळाली. सर्वांत चांगला मानलेला पोरगा तीनदा त्यांच्याकडे आला. तरी २००७ ते २०१६ अशी सलग दहा वर्षं हा संघ बाद फेरीबाहेर होता. चांगली पोरं आणली, पण त्यांच्या बाजूला अनुभवी माणूस नाही, बचाव नाही, अठराव्या वर्षी थेट मोठ्यांच्या सामन्यात टाकलं आणि हरण्याचीच सवय लावली. बियाणं उत्तम होतं, पण चिखलणी न करताच आवण टाकलं. २०१५ मध्ये कॉनर मॅकडेव्हिड मिळाला, हळूहळू संघ सुधारला, तेव्हा कुठे २०१७ ला बाद फेरी दिसली.

आपल्या मैदानी हॉकीतही मुंबईचं उदाहरण आहे, फारसं कुणाच्या लक्षात नसलेलं. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स तळाला राहिली आणि संघच बंद पडला. त्या जागी आलेली दबंग मुंबई २०१४ मध्ये पुन्हा तळाला. पुढच्या हंगामासाठीच्या लिलावात त्यांनी पंजाबच्या एका अठरा वर्षांच्या ड्रॅगफ्लिकरवर ५१ हजार डॉलर लावले. ज्युनियर पोरासाठी ही रक्कम खूप मोठी होती, लोकांनी भुवया उंचावल्या. लगेच चमत्कार काही झाला नाही, २०१५ आणि २०१६ मध्येही मुंबईला उपांत्य फेरी दिसली नाही. पण पोरगा ठेवला, खेळवला, इतर तरुण जमवत गेले. २०१७ मध्ये मुंबई साखळीत पहिली आली आणि फायनल खेळली. त्या पोराचं नाव हरमनप्रीत सिंग. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या भारताचा कर्णधार, त्या एका स्पर्धेत १० गोल.

प्रो कबड्डीत असा पाळीचा फायदा नाही. सगळ्यांना सारखेच पैसे आणि एकच लिलाव. मात्र तरुणांसाठी वेगळी दारं आहेत. २०१७ मध्ये संघ आठाचे बारा झाले तेव्हा खेळाडू कमी पडायला लागले आणि देशभर चाचण्या घेऊन नवोदित शोधायला सुरुवात झाली. अलीकडच्या हंगामांत संघाला सहापर्यंत मुख्य आणि चारपर्यंत तरुण खेळाडू लिलावाआधीच राखून ठेवता येतात, शिवाय करार चालू असलेले नवोदित संघाकडेच राहतात. म्हणजे पोरगा शोधला, घडवला, तर तो दोन-तीन वर्षं तुमचाच. हा नियम ज्यांनी नीट वाचला ते वर आले.

न राखल्यास काय होतं ते यू मुंबानं पाहिलंय. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या बाजूचा सिद्धार्थ देसाई त्यांनी २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे २१८ गुण आणले. पुढच्या लिलावात तो १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे. शोधला मुंबईनं, नेला हैदराबादनं. आणि तिथं त्याच्याभोवती संघ नव्हता, त्यामुळे टायटन्सचंही काही भलं झालं नाही. अलीकडे यू मुंबानं अजित चव्हाणसारख्या नवोदिताला पुढं आणून अकराव्या हंगामात बाद फेरी गाठली, ते याच चुकीतून शिकून, असं मला वाटतं.

घडवणं म्हणजे नेमकं काय

‘खेळाडू घडवायला हवेत’ हे भाषणात ऐकायला बरं वाटतं. मैदानावर त्याचा अर्थ काय होतो?

मातीतल्या पोराचं घ्या. मातीत पाय रुततो, घसरतो, त्यामुळे तो ताकदीवर खेळतो. मॅटवर पाय चिकटतो. बूट घालून वळायची सवय नसेल तर गुडघा आणि घोटा जातो. मॅटची सवय व्हायला महिने लागतात, दिवस नव्हे. मग येतं खेळाचं गणित. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपण दोन गुणांनी पुढं असताना तीस सेकंद काढून रिकामं परत यायचं की बोनसला पाय टाकायचा, हे दडपणाखाली ठरवता येणं वेगळं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी गुण आणणारीच हवी, नाहीतर बाद. गावच्या स्पर्धेत वाढलेली कित्येक पोरं या तिसऱ्या चढाईला घाबरून थेट कोपऱ्याच्या हातात जातात.

बचाव तर आणखी चिवट काम. कोपरारक्षकानं घोटा धरला की त्याच क्षणी शेजारच्यानं कमरेत घुसायचं असतं. अर्धा सेकंद उशीर झाला की दोघं बाद. हे सातांनी एकत्र, रोज, महिनोन्महिने केलं तरच येतं. म्हणून भाड्यानं आणलेल्या कोपरारक्षकाचा उपयोग भाड्यानं आणलेल्या चढाईपटूपेक्षाही कमी. त्याला शेजारी कधी उडी मारणार हेच ठाऊक नसतं. पलटणचा बचाव एकसंध वाटतो तो वर्षानुवर्षं एकत्र जेवल्या-झोपल्यामुळे.

आणि जेवण. संध्याकाळी सातला सराव, रात्री घरी भात-आमटी, सकाळी सहाला पुन्हा कामावर. एवढ्यावर सतरा वर्षांच्या पोराचं अंग कसं भरेल? अंडी, दूध, शेंगदाणे, कडधान्य यांचा महिन्याचा हिशोब मंडळानं घातला तर तो बाहेरच्या चढाईपटूच्या एका स्पर्धेच्या मानधनात बसतो का, हे प्रत्येक मंडळानं स्वतःची वही काढून बघावं.

आपल्या जिल्ह्यात गळती कुठं होते

वाट ठरलेली आहे. जिल्हा संघटनेशी संलग्न मंडळ, मग जिल्हा अजिंक्यपद आणि निवड चाचणी, तिथून जिल्ह्याचा संघ, मग राज्य स्पर्धा, राज्याचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा. किशोर गट १६ वर्षांखाली आणि ५५ किलोपर्यंत. कुमार गट २० वर्षांखाली, मुलांना ७० आणि मुलींना ६५ किलोपर्यंत. व्यावसायिक संघांची शोधक माणसं बघतात ती मुख्यतः कुमार गटाच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा. २०२२ पासून २३ वर्षांखालच्यांची युवा कबड्डी सिरीजही आहे, तिच्या आंतरजिल्हा स्पर्धेत ठाण्याचा संघ उतरलाय.

राज्य स्पर्धेत आता ठाणे शहर आणि ठाणे ग्रामीण असे दोन वेगळे संघ जातात. ही आपल्या पोरांसाठी सोन्यासारखी संधी आहे. पूर्वी एका जिल्ह्याच्या बारांत ठाणे-कल्याणच्या नावाजलेल्या मंडळांशी टक्कर देऊन किन्हवली-सरळगावच्या पोराला जागा मिळवावी लागे. आता ग्रामीणच्या बारा जागा स्वतंत्र आहेत. संघ दुबळा आहे, निकाल वाईट येतात, अशी ओरड दरवर्षी होते. पण संघ दुबळा असतो तेव्हाच नव्या पोराला जागा असते. ती जागा वय उलटून चाललेल्या, ‘ओळखीच्या’ खेळाडूनं भरली तर संघ याही वर्षी हरतो आणि पुढच्याही.

गळती होते ती सोळा ते वीस या वयात. दहावी-बारावी होते, पोरगा शहाड-आंबिवलीकडे, नाहीतर पडघा-वाशिंदच्या गोदामांत कामाला लागतो. पूर्वी निदान पुढं नोकरीची आशा होती. मध्य रेल्वे, महाराष्ट्र पोलीस, बँक ऑफ इंडिया, महिंद्रा यांचे व्यावसायिक संघ खेळाच्या जोरावर माणसं घेत. त्या जागा आता पूर्वीसारख्या निघत नाहीत. म्हणून आई-बापांनी ‘खेळून पोट भरतं का?’ विचारलं तर त्यांना दोष देता येत नाही. सराव कुठं? मॅट शहरात, पोरगा कसारा लाइनवर. आसनगावहून संध्याकाळची लोकल धरून कल्याणला यायचं, दोन तास खेळायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. आठवड्यातून दोनदा जमतं, सहा दिवस नाही.

मुलींचं तर याहून बिकट. रात्री परत यायचा प्रश्न आला की घरून नकारच येतो. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याची वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताच्या हॉकी संघात गेल्या, त्या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून घडल्या. राहणं, शाळा, जेवण आणि मैदान एका आवारात असलं की घरच्यांची अर्धी काळजी मिटते. आपल्याकडे शहापूर-मुरबाडला आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, धावण्यात आणि चपळाईत कुणाला न ऐकणाऱ्या आदिवासी पोरी आहेत. मॅटचा एक संच आणि रोज येणारा एक प्रशिक्षक, एवढंच तिथं कमी आहे. लाखोंच्या बक्षिसांच्या ट्रॉफ्या वाटणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हा संच परवडत नाही असं नाही, पण मॅटवर नाव रंगवलं तरी ते रात्रीच्या दिव्यांत फारसं दिसत नाही, ही अडचण असावी!

मंडळांना मात्र पुढाऱ्याची वाट न बघता करता येण्यासारखं बरंच आहे. शेजारच्या चार गावांनी मिळून एक मॅट घ्यावा, तो आळीपाळीनं फिरवावा. स्पर्धेत बाहेरचा खेळाडू एकच, आणि वीस वर्षांखालचे गावचे किमान तीन जण मैदानात, असा नियम आयोजकांनी घातला तर पुढच्याच हंगामात बाकावरची पोरं उठतील. काही गावं हे करायला लागलीत असं ऐकतो. शाळेच्या क्रीडा शिक्षकाला विचारावं, आठवी-नववीत कोण चपळ आहे. सामने मोबाइलवर शूट करून रविवारी सगळ्यांनी बसून बघावेत. पलटणवाले जे महागड्या यंत्रांवर करतात तेच, फक्त स्वस्तात.

ज्यांच्या घरी सोळा ते वीसमधलं खेळणारं पोर आहे त्यांनी एवढं आत्ताच करून ठेवावं. मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का ते विचारून घ्या, नसेल तर चाचणीला उभंच राहू देत नाहीत. जन्माचा दाखला आणि आधार कार्डावरची तारीख एकच आहे का ते बघा, कित्येक पोरं ऐन चाचणीच्या दिवशी या एका कारणानं बाहेर बसतात. आणि वजन आधी महिनाभर मोजत राहा. चाचणीच्या आदल्या रात्री उपाशी राहून ७० किलोत बसलेला पोरगा सकाळच्या दुसऱ्याच चढाईला चक्कर येऊन पडलेला मी पाहिलाय.